ओटीवरचं विलायती राजकारण

आमच्या घराचा खालचा मजला आम्ही पहिल्यांदा भाड्यानं दिला तो एका इंग्रज जोडप्याला. तसं काही ठरवलं नव्हतं. डोळखांबच्या बाजूला दिव्यांग मुलांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिचे कार्यकर्ते एका दुपारी आमच्या शेणव्यात या जोडप्यासाठी घर शोधत आले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. ‘त्या बाईंना इंग्रजी येतं’ म्हणून गावानं त्यांना सरळ आमच्याकडं धाडलं. माझं इंग्रजी शाळेच्या पुस्तकातलं. माझे यजमान भातसानगरला धरणावर नोकरीला होते, त्यांचं इंग्रजी पंप आणि व्हॉल्व्हपुरतं. तरी आम्ही हो म्हणालो. पोलिस ठाण्यात जाऊन कळवून आलो, नवा कमोड बसवला आणि वाट बघत बसलो.

जोडप्यातली बाई आली तेव्हा साठीच्या आसपासची, उंच, पांढऱ्या केसांचा बॉबकट केलेली, पायात साध्या रबरी चपला. ती फिजिओथेरपिस्ट. पण गावात रुग्णाला हात लावणारी बाई म्हणजे सिस्टर, त्यामुळे आठवडाभरात ती सिस्टर झाली. तिनं सुरुवातीला समजावून बघितलं, मग सोडून दिलं. तिचा नवरा रेल्वेत सिग्नलच्या कामातून निवृत्त झालेला, बायकोच्या नोकरीमागून आलेला. सिस्टरचे मिस्टर म्हणून तो नुसता मिस्टर. ‘साहेब’ म्हटलेलं त्याला मुळीच खपायचं नाही, पण ‘मिस्टर’ला तो खूष असायचा.

मला वाटलं होतं, पावसाळा लागला की दोघं गाशा गुंडाळतील. न्हाणीत बेडूक, भिंतीवर बुरशी, लाइट गेली की दोन दोन दिवस पत्ता नाही. पण सिस्टर रोज सकाळी रेनकोट चढवून पाड्यांवर जायची आणि गुडघाभर चिखल घेऊन परत यायची. मिस्टर घर सांभाळायचा. स्वयंपाक त्याचा, धुणं त्याचं. तांदळाची भाकरी शिकायला तो माझ्यासमोर पाटावर बसला, तेव्हा वाटेनं जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. भाकरी फाटली की तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा आणि पीठ पुन्हा मळायचा. दिवाळीपर्यंत त्याची भाकरी टम्म फुगायला लागली. मुंग्या चढू नयेत म्हणून साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायला त्याला मी शिकवलं, आणि दूध न उकळता वर घातलेला चहाही पिता येतो हे मला त्यानं शिकवलं. तो चहा मला आजवर आवडलेला नाही.

रविवारी दुपारी मुरबाडहून त्यांचा एक मित्र यायचा. हा स्कॉटलंडचा. तिकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा, बरीच वर्षं इथं राहिलेला, म्हणून तो मुरबाडचे सर. स्वतःची मोटारसायकल दामटत यायचा, सोबत बेकरीतले गरम पाव. तिघं आमच्या ओटीवर बसायचे. पहिल्या रविवारी तासभर बरं चाललं आणि मग खालून जे आवाज चढले ते ऐकून माझे यजमान जेवणावरून उठले.

“भांडतायत गो,” ते म्हणाले. “जा, बघून ये.”

मी कैऱ्या द्यायच्या निमित्तानं खाली गेले. मिस्टर लालबुंद झालेला. सिस्टर खुर्चीच्या टोकावर बसून बोट नाचवत होती. सर दोघांवरही ओरडत होते. मला बघून सिस्टरनं एकदम हसून मराठीत सांगितलं, “भांडण नाही, बाई. राजकारण!”

हे दोन शब्द वेगळे काढता येतात, हे मला तरी ठाऊक नव्हतं.

हळूहळू आम्हीही खाली जाऊन बसायला लागलो. अर्धं कळायचं, अर्धं सर मराठीत सांगायचे. त्यांचं मराठी अस्सल मुरबाडचं होतं, ‘नाय’ आणि ‘आमी’वालं. तिघांची तीन मतं. युरोपातल्या देशांच्या गोतावळ्यातून बाहेर पडायचं की राहायचं यावर तिकडं मतदान झालं, तेव्हा मिस्टरनं बाहेर पडायला मत दिलं होतं आणि सिस्टरनं राहायला. सरांचं म्हणणं, स्कॉटलंडनं आधी या दोघांपासूनच सुटावं. पक्षाचं विचाराल तर तिकडं ते रंगावरून ओळखतात; सिस्टर लाल, मिस्टर निळा. सरकारी दवाखान्यातल्या रांगा, बाहेरून येणारे लोक, थंडीत घर गरम ठेवायचा खर्च, भारतात राहिलं की तिकडची पेन्शन वाढायची थांबते ती का, एक ना दोन. मिस्टर म्हणायचा, बाहेरून येणाऱ्यांना आवर घातला पाहिजे. त्यावर सिस्टर त्याला आमच्या ओटीवरची त्याची खुर्ची दाखवायची. “आणि तू इथं कोण आहेस?” मग तो उठून चहा करायला आत जायचा, आणि चहा आणताना तिचा कप आधी द्यायचा.

“त्या मतदानाला तुमी दोघं गेलेलात?” ह्यांनी एकदा विचारलं.

“एकाच गाडीतून,” सिस्टर म्हणाली. “मी चालवत होते.”

“तुमचं एकाचं मत दुसऱ्यानं खोडलं. मंग जायचंच कशाला? घरी झोपायचं.”

सरांनी हे इंग्रजीत सांगितलं. मिस्टर मोठ्यानं हसला. म्हणाला, गेलो नसतो तर इतकी वर्षं भांडायचा हक्क राहिला असता का?

पुढच्या साली आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात बाईसाठी राखीव जागा. शिकलेली बाई हवी म्हणून एका पॅनलनं मला उभं केलं. मी तयार झाले, आणि चार दिवसांनी कळलं, दुसऱ्या पॅनलनं माझ्या मोठ्या जाऊबाईंना उभं केलंय. त्या आणि माझे दीर समोरच्या जुन्या घरात राहतात, मधे फक्त अंगण. मी लग्न होऊन आले तेव्हा भाताच्या आवणीला रोप कसं धरायचं हे मला त्यांनी दाखवलं होतं. मी त्यांना आक्का म्हणते. माझी निशाणी छत्री, त्यांची शिलाई मशीन. पहिले काही दिवस आम्हा दोघींना त्याचं हसूच यायचं. शेजारच्या भिंतीवर एका बाजूला माझा फोटो, दुसऱ्या बाजूला त्यांचा.

मग एका सभेत आमच्या पॅनलचा एकजण माईकवर बोलून गेला की अंगठेबहाद्दर बाई गावाचा कारभार काय करणार. आक्का चौथी शिकल्यात. सही करतात, पेपर वाचतात. मी त्या सभेला नव्हते. दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा मी त्या माणसाच्या दारात जाऊन त्याला सुनावलं आणि तशीच आक्कांकडं गेले. त्यांनी दार लोटून घेतलं.

मी निवडून आले. निकालाच्या संध्याकाळी गुलालाची मंडळी अंगणात नाचून गेली आणि दुसऱ्या दिवशी दीर अंगणाच्या मधोमध खुंट्या ठोकत होते. आठवड्यात तिथं कारवीच्या काठ्या विणलेला आडोशाचा कूड उभा राहिला. त्या वर्षी गौरी-गणपती दोन झाले. सण एका घरात करायचा आणि दुसऱ्या घरात नुसता नैवेद्याचा वास पोचायचा, असं आमच्याकडं आधी कधी झालं नव्हतं.

सिस्टरला ते फार लागलं. “पण तुम्ही दोघी तर एकमेकींना आवडता ना?” असं तिनं मला विचारलं. मी काय सांगणार? म्हटलं, आमच्याकडं मतदान माणसाला लागतं. उपदेश मात्र तिनं कधी केला नाही, मला नाही आणि आक्कांनाही नाही.

त्यानंतर ब्रिटनमध्ये निवडणूक आली. ऐन आवणीचे दिवस होते, आमची माणसं चिखलात वाकलेली. तिकडच्या कायद्यानं परदेशी राहणाऱ्याला आपलं मत टाकायला तिथलं कुणीतरी नेमता येतं. या दोघांनी मिस्टरच्या धाकट्या बहिणीला नेमलं होतं. ती बस चालवायची, आता निवृत्त. ती स्वतः लालही नाही आणि निळीही नाही, कुठल्या तरी तिसऱ्याच पक्षाची. म्हणजे त्या बाईनं एका सकाळी मतदान केंद्रात जाऊन स्वतःचं मत आपल्या पक्षाला, भावाचं निळ्याला आणि भावजयीचं लालला टाकायचं होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे ओटीवर होतो. मिस्टरनं फोन स्पीकरवर ठेवला. खणखणीत आवाजाची बाई. सर हसता हसता सांगत गेले, “ती भावाला बोलते, तुझ्या लोकांच्या नावापुढं फुली मारताना माझा हात लुळा पडला. पण मारली. आता माझे आभार नकोत, फक्त पुढल्या नाताळला फोनवर निवडणुकीचं नाव काढू नकोस.”

फोन संपला. तसं ह्यांनी विचारलं, “पण खात्री काय?”

“कसली?” मिस्टर म्हणाला.

“तिनं तुमचं मत तुमाला पायजे तिथंच टाकलं याची. आत कोण बघतंय?”

सरांनी ते सांगितलं. मिस्टरला प्रश्नाचे शब्द कळले होते, पण प्रश्नच कळत नव्हता. शेवटी तो म्हणाला, “ती माझी बहीण आहे.”

वर आल्यावर हे बराच वेळ खिडकीत उभे होते. तिथून कुडापलीकडं त्यांच्या भावाचं अंगण दिसतं.

निकालात लाल जिंकले. मिस्टरनं सिस्टरशी हस्तांदोलन केलं, “पाच वर्षांनी बघू,” म्हणाला आणि त्या दिवशी तिच्या आवडीचे पॅनकेक केले. एक वर आमच्याकडंही आला.

भात कापणीला आलं तेव्हा दिरांना अर्धांगाचा झटका आला. आधी शहापूरला, मग ठाण्याला नेलं. जीव वाचला, पण डावी बाजू गेली. बोलणं अडखळायला लागलं. घरी आणल्यावर आमचे हे कुडापाशी जाऊन उभे राहिले, आत जाऊ की नको करत. पुतण्यानं बाहेर येऊन “काका, या,” म्हटलं तेव्हा गेले. मला कुणी बोलावलं नाही.

सिस्टर मात्र कुणी बोलवायची वाट न बघता दुसऱ्या दिवशीच गेली. दिवसभर पाड्यांवर मुलांचे हातपाय हलवून यायची आणि संध्याकाळी दिरांना उभं करायची. त्याबद्दल तिनं कधी काही घेतलं नाही. आक्कांनी दिलेली वालाची शेंग तेवढी आनंदानं घेऊन यायची आणि मिस्टर ती सोलत बसायचा. थंडी संपेपर्यंत दीर खाटेवर आपले आपण बसायला लागले, दोन माणसांनी धरलं की चार पावलं टाकायला लागले.

तेवढ्यात इंग्लंडहून निरोप आला, सिस्टरची आई गेली. तिनं ताबडतोब तिकीट काढलं. निघायच्या संध्याकाळी ती वर आली, डोळे सुजलेले, आणि मला म्हणाली, “बाई, चला माझ्याबरोबर.” मला वाटलं देवळात जायचंय. ती मला कूड ओलांडून आक्कांच्या घरात घेऊन गेली. आक्का चुलीपाशी होत्या. मी उंबऱ्यात थांबले.

“मी महिना-दीड महिना नाही,” सिस्टर तिच्या सावकाश मराठीत म्हणाली. “व्यायाम थांबला तर सगळं परत जाणार. मुलगा कामाला जातो, उशिरा येतो. मिस्टरची पाठ खराब आहे, बाईंच्या ह्यांचा गुडघा खराब आहे. तुम्ही दोघी उरल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे.”

तिनं आम्हाला दाखवलं, हात काखेत कसा घालायचा, वजन कसं घ्यायचं, टाच आधी टेकवायची, गुडघा मागे जाऊ द्यायचा नाही. स्वतःची आई तिकडं सरणाची वाट बघत असताना ही बाई आमच्या दिरांचा पाय हातात धरून आम्हाला शिकवत होती. मला ते दृश्य आजही आठवतं आणि आजही मला तिच्याबद्दल काय वाटतं ते धड सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले. आक्का आणि मी दोन्हीकडून दिरांना धरायचो आणि जे काही बोलायचं ते दिरांशी. “दादा, टाच टेकवा.” “अवो, सरळ बघा, खाली कशाला बघताय?” ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्या दोघींचे श्वास एकमेकींना ऐकू यायचे, पण शब्द नाही. व्यायाम झाला की मी निघायचे.

असे बरेच दिवस गेले. उन्हाळा तापला. एका सकाळी दिरांना फिरवत असताना बाहेरून टँकरचा हॉर्न आला. आक्का थांबल्या. त्यांनी समोर बघतच म्हटलं, “तुज्या पॅनलनं नळ आनला ना गो दारात? मंग टँकर कशाला येतो?”

मी म्हटलं, “आक्का, पाइप टाकला, पण वरची टाकी अजून–”

“टाकी! धरणाचं पानी मुंबईला जातं, त्याला टाकी लागत नाय? आमाला लागते?”

“ते ग्रामपंचायतीच्या हातात आहे का?”

“मंग मतं मागताना कशाला बोललीस?”

“मी बोलले नाही! तुमच्याच लोकांनी ठरावाला विरोध केला, सहा महिने त्यात गेले!”

“आमच्या लोकांनी ठेकेदाराला विरोध केला. काम बघ त्याचं! कोपऱ्यावर आताच गळतंय.”

मी तावातावानं उत्तर दिलं, त्यांनी त्याहून चढ्या आवाजात दिलं. दिरांचा एक दंड माझ्या हातात, एक त्यांच्या, आणि आम्ही त्यांच्या छातीवरून एकमेकींवर ओरडत होतो. तेवढ्यात काहीतरी विचित्र आवाज आला. आम्ही घाबरून दिरांकडं बघितलं. ते हसत होते. झटका आल्यापासून पहिल्यांदा. तोंड वाकडं, डोळ्यांतून पाणी, सगळं अंग हलतंय. ते पडू नयेत म्हणून आम्ही दोघींनी त्यांना घट्ट धरलं, आणि तसं धरल्या धरल्या आक्कांनाही हसू फुटलं, मलाही.

त्यांना खाटेवर बसवल्यावर आक्कांनी चहा टाकला. “तो माईकवाला,” त्या चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, “त्याला तू त्याच्या दारात जाऊन बोललीस ते मला मागाहून कळलं.”

“मग?”

“मंग काय. राग आला होता, तो कुठं टाकू?”

पुढं आम्ही त्या विषयावर बोललो नाही. पण गळणारा पाइप मी जाऊन बघितला, त्यांचं बरोबर होतं. पुढच्या ग्रामसभेत मी तो मुद्दा मांडला तेव्हा माझ्याच पॅनलची माणसं माझ्यावर उखडली. मागं बायांच्या घोळक्यात आक्का बसल्या होत्या. माझं संपल्यावर त्यांनी उठून मला अजून दोन प्रश्न विचारले, तेही सगळ्यांसमोर, आणि मला त्यांची उत्तरं देता आली नाहीत.

या दीड महिन्यात मिस्टर एकटा होता. संध्याकाळी ओटीवर बसून सिस्टरशी फोनवर बोलायचा. एकदा मी विचारलं, तुम्हाला तिकडचं काय आठवतं? मला वाटलं, माणसं म्हणेल, घर म्हणेल. तो म्हणाला, उन्हाळ्यातली संध्याकाळ. तिकडं रात्रीचे दहा वाजले तरी उजेड रेंगाळत असतो. इथं सूर्य माहुलीच्या डोंगरामागं गेला की कुणीतरी बटण दाबल्यासारखं होतं. मग म्हणाला, पण तिकडं शेजारी विचारत नाहीत की आज काय जेवलात.

सिस्टर परतली ती विमानतळावरून थेट आक्कांकडं. दीर काठी घेऊन, एका बाजूनं आक्कांचा हात धरून दारापर्यंत चालत आले. सिस्टरनं खाली वाकून आधी त्यांची टाच बघितली. मग उभी राहून रडली. ते रडणं आईचंही असणार.

त्या रविवारी आक्का निवडणुकीनंतर पहिल्यांदा आमच्या ओटीवर आल्या. तिघांचं नेहमीचं चालू होतं, निवडून आलेल्या लालांनी काय काय वचनं मोडली यावरून मिस्टर सिस्टरला टोचत होता. नवल म्हणजे सिस्टर आपल्याच पक्षावर त्याच्याहून जास्त चिडली होती. आक्कांनी सरांना विचारलं, काय चाललंय. सरांनी सांगितलं.

“तिनंच मत दिलं ना त्यांना?”

“होय.”

“मंग तिलाच बोलायचा जास्ती हक्क,” आक्का म्हणाल्या आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

दोघं मागल्या वर्षी परत गेली. सिस्टरच्या नोकरीची मुदत संपली होती, आणि मिस्टरच्या पाठीला आता बेडकांची न्हाणी झेपत नव्हती. जाताना साऱ्या पाड्यांवरची मुलं कुणाच्या कडेवर, कुणाच्या खांद्यावर बसून आली होती. काही चालत आली होती. सिस्टर प्रत्येकाचे पाय बघत होती.

सर अजून मुरबाडला आहेत, महिन्यातून एखादा रविवार येतात. पाव घेऊन येतात. भांडायला आता आम्ही आहोत.

कूड आम्ही मुद्दाम काढला नाही. पुढच्या पावसाळ्यात एक बाजू पडली, ती कुणी उभी केली नाही, आणि उरलेल्या बाजूवर आक्कांनी कारल्याचा वेल सोडलाय. टाकी बांधून झाली. पाणी एक दिवसाआड येतं. रोज का येत नाही, म्हणून आक्का येत्या निवडणुकीला पुन्हा उभ्या राहणार आहेत. मी उभी राहणार नाही, पण माझं मत त्यांना मिळणार नाही हे मी त्यांना सांगून टाकलंय, कारण त्यांच्या पॅनलमधली दोन माणसं मला पटत नाहीत. त्यावर परवाच आमचं चांगलं वाजलं. नंतर त्यांनी नाचणीचे पापड लाटायला घेतले आणि मला हाक मारली, कारण पीठ जास्त भिजलं होतं.